कंबर हैफाकडे, गुडघे पेताह तिक्वाकडे

परवा फार्मसीतल्या मुलीने गोळ्यांची पाकिटं पुढे सरकवण्याआधी मला विचारलं, "याशिवाय आणखी काही घेता का?" मी जे घेते ते सांगितलं, तिने मान हलवली, काम संपलं. बाहेर पडले आणि एझ्राकाका किहीमकर आठवले. हाच प्रश्न त्यांनाही पुष्कळदा विचारला गेला होता. दर वेळी त्यांनी डॉक्टरच्या डोळ्यांत बघून, कोटाची सगळी बटणं लावून, अतिशय अदबीने खोटं सांगितलं होतं.

आम्ही इस्रायलमध्ये पेताह तिक्वाला राहायचो तेव्हाची ही गोष्ट. युद्ध होऊन काही वर्षं झाली होती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, काका बरोबर आमच्या डोक्यावर तिसऱ्या. लिफ्ट नव्हती. मी इस्पितळाच्या कपड्यांच्या कोठारात कामाला होते. चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे पांढरे कोट एवढाच माझा वैद्यकाशी संबंध. औषधांतलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे कोणी मला शहाणपणाचं श्रेय देऊ नये.

काका मुंबईच्या एका मोठ्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. 'होते' हा शब्द त्यांच्यापुढे चालत नसे. निवृत्त झाले, बायकोला घेऊन इस्रायलला आले, बायको इथेच वारली, मुलगी रूथी लग्न होऊन हैफाला गेली, तरी त्यांचं ऑफिस सुटलं नव्हतं. सकाळी दाढी, टाय, कोट. ऑगस्टच्या उन्हात इथली माणसं चड्डी-बनियनवर बाजारहाट करतात, तिथे काका टाय लावून टोमॅटो घ्यायचे. भाजीवाला त्यांना "सर" म्हणायचा आणि नासके टोमॅटो द्यायचा. काका दोन्हीबद्दल त्याचे आभार मानायचे.

त्यांची हिब्रूही तशीच होती. उल्पानच्या, म्हणजे नव्याने आलेल्यांना हिब्रू शिकवायच्या वर्गात बाकीचे भांडायला शिकले, काका आभार आणि माफी एवढंच शिकून बाहेर पडले. या देशात या दोन वस्तूंना गिऱ्हाईक नाही, हे त्यांच्या शेवटपर्यंत लक्षात आलं नाही. इथल्या दवाखान्यात शिरताना "शेवटचं कोण?" असं मोठ्याने विचारायचं असतं आणि जो हात वर करील त्याच्यामागे आपली पाळी धरायची असते. काका शिरायचे ते टोपी काढून सगळ्यांना गुड मॉर्निंग करायचे. मग नवीन माणूस आला आणि "शेवटचं कोण?" म्हणाला की काका हात वर करायचे. आणखी एक आला की पुन्हा काकांचाच हात वर. कारण मधल्याला त्यांनी "आफ्टर यू" म्हणून पुढे सोडलेलं असायचं. सकाळी पहिले आलेले काका दवाखाना बंद होताना आत जायचे आणि उशीर झाला म्हणून डॉक्टरची माफी मागायचे.

आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर क्लारा रुमानियातून आलेल्या. जाड चष्मा, आवाज भोंग्यासारखा, आणि पेशंटला तपासतानाही बोटांत सिगारेट. काका तिला 'मॅडम' म्हणायचे. एकदा त्यांनी घरी केलेल्या चिवड्याचा डबा तिला नेऊन दिला. पुढच्या खेपेला मी माझ्या खोकल्यासाठी गेले, तर खिडकीच्या कट्ट्यावर कबुतरं चिवडा टिपत होती. मी घरी येऊन सांगितलं, "काका, बाईने तुमचा चिवडा पाखरांना घातला."

काकांचे डोळे भरून आले. "मिसेस पेझारकर, मॅडमचं मन बघा. आपल्या तोंडचा घास मुक्या प्राण्यांना!" पुढच्या वेळी दोन डबे नेले. एक मॅडमला, एक कबुतरांना.

आता दुखण्याकडे येते, कारण सगळं तिथेच अडकलेलं आहे.

काकांचे गुडघे आणि कंबर, दोन्ही गेलेली. गुडघ्यांच्या संधिवातासाठी डॉक्टर क्लारांनी कॅप्सूल दिल्या होत्या. सूज उतरायची, पण डोकं गरगरायचं. कंबर मात्र डॉक्टर क्लारांना माहीतच नव्हती. कंबर हैफाची. तिथे रूथीच्या शेजारी डॉक्टर सायमन राहायचे. आपल्यातले, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मुंबईला शिकलेले, सोनेरी काडीचा चष्मा. एका खेपेला रूथीच्या सोफ्यावरून काकांना उठता येईना, तेव्हा त्यांनी कोडीनच्या गोळ्या लिहून दिल्या. अफूच्या कुळातलं औषध. दुखणं मारतं आणि माणसाला पेंग आणतं. काका दर महिन्याला बसने हैफाला जायचे, नातवंडांना भेटायचे आणि येताना महिन्याच्या गोळ्या घेऊन यायचे.

"मग मॅडमना सांगितलंत का कमरेचं?" मी एकदा विचारलं होतं.

काकांनी माझ्याकडे नव्या कारकुनाकडे बघावं तसं बघितलं. "गुडघे मॅडमच्या खात्यात. कंबर सायमनसाहेबांच्या खात्यात. एका खात्याचे कागद दुसऱ्या खात्यात नेत नसतात."

"पण शरीर एकच ना काका?"

"सरकारही एकच असतं. म्हणून काय पोस्टाचं काम रेल्वेने करायचं?"

यापुढे बोलणं खुंटायचं. शिवाय त्यांना खरी भीती वाटत होती ती अपमानाची. मॅडमना सायमनसाहेबांचं नाव सांगायचं म्हणजे मॅडम, तुम्ही पुरेशा नाही, असं त्यांच्या तोंडावर म्हणायचं. सायमनसाहेबांना मॅडमचं सांगायचं म्हणजे, साहेब, तुमच्याआधी एका रुमानियन बाईचा हात लागलेला आहे. दोन सुना एका घरात नांदवाव्यात तसे काका दोन डॉक्टर नांदवत होते, आणि एकीला दुसरीचा पत्ता नव्हता.

काही महिन्यांत फळ दिसायला लागलं. काका दिवसा झोपायला लागले. खुर्चीत, बाकावर, बसस्टॉपवर. चालताना भिंत धरायला लागले. एकदा सकाळी माझ्या दारात उभे राहिले, टाय लावलेला, पायात चपला वेगवेगळ्या. "मिसेस पेझारकर, आज सुपरिंटेंडंट साहेब आलेत का?" मी म्हटलं, "काका, इथे कुठले साहेब?" ते म्हणाले, "अच्छा, रजेवर आहेत," आणि जिना चढून गेले. त्यांच्या फ्रिजमध्ये बूट सापडले आणि बुटांच्या फडताळात दही. काकांनी मॅडमना फक्त चक्करचं सांगितल्यामुळे त्यांनी चक्कर थांबायचं आणखी एक औषध दिलं. त्याने पेंग वाढली. सायमनसाहेबांना फक्त आपलं पोट साफ होत नसल्याचं सांगितल्यामुळे त्यांनी जुलाबाचं दिलं. काका सगळी औषधं वेळच्या वेळी घेत होते. चुकारपणा त्यांच्या रक्तात नव्हता.

बिल्डिंगमध्ये निदानांची कमतरता नव्हती. पहिल्या मजल्यावरची मोरोक्कोवाली म्हणाली, नजर लागली. आमच्यातले म्हणाले, बायको गेली ते मनाला लागलं. माझे मिस्टर म्हणाले, वयच झालं. सगळ्यांनी मिळून एलियाहू हानाबीच्या, म्हणजे अडल्यानडल्याला धावणाऱ्या आमच्या प्रेषिताच्या नावाने मलीदा करायचा ठरवला. काका बरे व्हावेत म्हणून. पोहे भिजवले, नारळ खोवला, फळं मांडली, माणसं जमवली. काकांना मधोमध खुर्ची. गाणी सुरू झाली आणि उत्सवमूर्ती घोरायला लागली. इतक्या मोठ्याने, की गाणाऱ्यांचा सूर हलला. शेवटी 'आमेन' जोरात झालं तेव्हा काका दचकून उठले, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुढची केस आणा."

हसले सगळे. मीही हसले. रूथी हसली नाही.

रूथी त्यासाठीच हैफाहून आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी डाळ शिजत ठेवली आणि शेजारी खुर्चीत झोपले. भांडं काळं झालं, धुराने भिंत काळी झाली, आणि रूथी बाजारातून परत आली नसती तर पुढचं बोलायला नको. तिची भीती खरी होती, एवढं तिच्या बाजूने लिहिलंच पाहिजे. दुसऱ्या बाजूने हेही लिहिलं पाहिजे, की त्याच संध्याकाळी ती बापाचं कपाट टेपने मोजत होती. नणंदेकडे ते बसतं का बघायचं होतं.

"बाबांना बेत आवोतमध्ये ठेवायचं," ती मला म्हणाली. बेत आवोत म्हणजे वृद्धाश्रम. "हैफालाच एक आहे, आमच्या घरापासून जवळ. फक्त इथल्या डॉक्टरने लिहून द्यायला हवं, की एकटे राहायला लायक नाहीत."

"त्यांना विचारलंस?"

ती हिब्रूत म्हणाली, "विचारण्यासारखे ते राहिलेत का, तूच सांग." ती माझ्यापेक्षा लहान. मराठीत मला "मावशी, तुम्ही" म्हणायची. हिब्रूत आदराचं 'तुम्ही' नाहीच, त्यामुळे वाद घालायचा झाला की हिब्रूत शिरायची.

काकांना समजलं होतं. पेंगेतही त्यांना समजायचं. त्यांनी मला फक्त एवढं विचारलं, "मिसेस पेझारकर, हे घर माझ्या नावावर आहे ना?" मी हो म्हटलं. "मग मला इथून कोण उठवणार?" असं म्हणता म्हणता ते झोपले.

त्यानंतर योम किपूर आला. आमची जुनी माणसं त्याला दारफाळणीचा सण म्हणायची. घराची दारं लावून घ्यायची, कोणाकडे जायचं नाही, कोणाला घरात घ्यायचं नाही, दिवसभर उपास आणि प्रार्थना. इथे दारं लावायची पद्धत राहिली नाही, पण उपास काकांनी कधी सोडला नव्हता. त्यांच्या उपासात पाणीही नसायचं, मग गोळ्या कुठल्या? डॉक्टरांची ऑर्डर मोठी, पण त्या दिवशी तिच्याही वरचे साहेब हजर असतात.

दुपारनंतर सिनेगॉगमध्ये बायकांच्या बाजूला पडद्यामागे मी पेंगत होते. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने खणखणीत आवाज आला. वाचणाऱ्याने एक ओळ गाळली होती आणि कोणीतरी त्याला थांबवलं होतं. आवाज काकांचा! मी पडदा बाजूला करून पाहिलं. काका ताठ उभे, एक हात कमरेवर, तोंड दुखण्याने वेडंवाकडं, बोट बरोबर त्या ओळीवर.

शेवटची प्रार्थना संपताच आम्ही चालत घरी निघालो. रस्त्यावर एक गाडी नाही, मुलं मधोमध सायकली चालवत होती. काका दर चार पावलांनी थांबायचे, कण्हायचे, आणि पुढे चालू लागले की बोलायचे. कोण उशिरा आलं, कोण लवकर सटकलं, कोणाच्या तोंडाला पाण्याचा वास येत होता. "आणि आजच्या दिवशी चामडं वर्ज्य असताना तुमच्या मिस्टरांनी चामड्याचे बूट घातले होते. मी पाहिलं."

मिस्टर मागे राहिले.

मी म्हटलं, "काका, आज डोकं कसं आहे?"

"ऑफिसात आहे."

"आणि कंबर?"

"ओरडतेय. ओरडू दे."

"काका, आज गोळ्या घेतल्या नाहीत म्हणून डोकं जागेवर आलंय. मला डॉक्टरकी कळत नाही, पण एवढं तर कोणालाही दिसेल."

काका थांबले. वाटलं, चिडतील. ते शांतपणे म्हणाले, "मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"दोन्ही एकत्र घेतल्या की डोकं जातं. एकदा हैफाच्या गोळ्या बसमध्ये राहिल्या होत्या. त्या आठवड्यात मी चांगला होतो. दुखत होतं, पण चांगला होतो."

मला रस्त्यातच बसावंसं वाटलं. "अहो, मग सांगितलं का नाहीत? मॅडमना? सायमनसाहेबांना? कोणालाही?"

"दोन साहेबांच्या दोन ऑर्डरी आल्या, आणि एकीचा दुसरीशी मेळ बसत नसला, तर कारकुनाने काय करायचं?"

"काय करायचं?"

"दोन्ही पाळायच्या. चूक कोणाची ते वरचे ठरवतील."

"वरचे म्हणजे कोण, काका?"

त्यांनी आकाशाकडे बोट केलं नाही. त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "ते अजून नेमलेले दिसत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन्ही गोळ्या घेतल्या. वेळेवर.

सुक्कोतचा सण झाल्यावर रूथी पुन्हा आली आणि काकांना घेऊन डॉक्टर क्लारांकडे गेली. काकांना एका बाजूने धरायला कोणी हवं म्हणून मला बरोबर नेलं. काकांनी निळा कोट घातला होता, बायकोच्या अंत्यविधीनंतर तो बाहेर निघालेला मी पाहिला नव्हता. आत शिरताना त्यांनी मॅडमना नमस्कार केला आणि खुर्चीत बसले ते अर्धे कलले.

डॉक्टर क्लारांनी सिगारेट विझवली. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"आज वार कोणता?" तिने हिब्रूत विचारलं.

"मॅडमना जो सोयीचा असेल तो," काका म्हणाले.

"आपण कुठे आहोत?"

"आपल्या कृपेने, ठीक आहोत."

रूथीने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरने काहीतरी लिहिलं. "मी देते त्याशिवाय दुसरं कुठलं औषध घेता?"

मी काकांच्या कोपराला चिमटा काढला. कोट जाड होता.

"नाही मॅडम. आपण आहात, दुसरं कोण?"

डॉक्टरने कागद पुढे ओढला. रूथी बापाच्या गुडघ्यावर हात ठेवून मराठीत बोलायला लागली, लहान मुलाशी बोलावं तसं. "बाबा, तिथे किती छान आहे. बाग आहे. एका खोलीत दोघंच. गोळ्या नर्स स्वतः हातावर देते, तुम्हाला काही बघायला नको."

"किल्ली?" काकांनी डोळे न उघडता विचारलं.

"कसली किल्ली?"

"खोलीची."

"बाबा, तिथे किल्ल्या नसतात. दारं उघडीच असतात. कधीही कोणीही येऊन बघू शकतं. तेच तर चांगलं आहे."

काकांनी डोळे उघडले. एक हात टेबलावर, एक माझ्या खांद्यावर असं करत ते उठले. दुखण्याने की पेंगेने, एकदा हेलकावले. मग कोटाचं सुटलेलं बटण लावलं.

"मॅडम," ते म्हणाले, "आय बेग टु स्टेट."

डॉक्टर क्लारांना इंग्रजी येत नव्हती. तरी तिने पेन खाली ठेवलं. पुढचं निवेदन काकांनी तीन भाषांत केलं. इंग्रजीत सुरुवात, हिब्रूत माफी, आणि अडलं की मराठी. मराठीचं मी जमेल तसं हिब्रू करून देत होते. निवेदन असं, की मॅडमच्या ज्ञानाबद्दल निवेदकाच्या मनात पूर्ण आदर असून, तो कमी न होता, निवेदकाच्या कमरेचा कारभार दुसऱ्या एका विद्वान साहेबांकडे आहे. सदर साहेबांचं नाव उघड करताना निवेदकाला अत्यंत क्लेश होत आहेत. आणि सदर साहेबांची गोळी निवेदक मॅडमच्या कॅप्सूलबरोबर रोज घेत आलेला आहे. असं म्हणून त्यांनी आतल्या खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि दोन पांढऱ्या गोळ्या टेबलावर ठेवल्या. दुपारच्या पाळीच्या होत्या.

डॉक्टर क्लाराने गोळ्या पाहिल्या, पाकिटावरचं नाव विचारलं, आणि मग ती जी ओरडली! बाहेर 'शेवटचं कोण' म्हणणारे गप्प झाले. "कोडीन! आणि मी इथे बसून याला चक्करचं औषध देतेय! त्या कॅप्सूलनेच म्हाताऱ्यांचं डोकं फिरतं, वर हे झोपवणारं, वर माझं चक्करचं, तेही झोपवणारंच! एक औषध पोट खातं, दुसरं पोट बंद करतं! घोड्याला दिलं असतं तर घोडा तुझ्या सोफ्यावर झोपला असता!"

हे शेवटचं रूथीला होतं. रूथी पांढरी पडली होती. "पण म्हातारपण..." ती म्हणाली.

"याला म्हातारपण झालेलं नाही," डॉक्टर म्हणाली. "याला अदब झालीय. आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही."

तिने कागद फाडला. चक्करचं औषध बंद, कॅप्सूल अर्ध्या, कोडीन हळूहळू उतरवत बंद, आणि हनुक्काच्या सणापर्यंत, म्हणजे पुढचे दोनेक महिने, कोणी बेत आवोतचं नाव काढायचं नाही. तेव्हा पुन्हा बघू.

काका अजून उभेच होते. "मॅडम, आपल्याला राग तर नाही आला?" त्यांनी विचारलं.

"आला!" ती म्हणाली. काका खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या साहेबाला त्यांनी राग आणला होता आणि छत कोसळलं नव्हतं.

हनुक्कापर्यंत काका असे ताळ्यावर आले, की आम्हाला जुने पेंगणारे काका बरे वाटायला लागले. जिन्यात दिवा कोण जळत ठेवतं, कचऱ्याच्या डब्याचं झाकण कोण लावत नाही, माझ्या मिस्टरांचे बूट, सगळ्यावर त्यांचा शेरा. डॉक्टर क्लारांनी त्यांना वार विचारला, त्यांनी वार, तारीख आणि हिब्रू महिना सांगितला आणि तिच्या भिंतीवरचं कॅलेंडर एक पान मागे आहे हे लक्षात आणून दिलं. तिने रूथीला सांगितलं, हा माणूस एकटा राहू शकतो, याच्याबरोबर दुसरं कोणी राहू शकेल का ते मला माहीत नाही. कपाट नणंदेकडे गेलं नाही.

किंमत पडली ती दुखण्याची. अर्ध्या कॅप्सूलमध्ये गुडघे भागत नव्हते आणि कमरेला आता कोणी वाली नव्हता. गरम पाण्याची पिशवी आणि मॅडमनी शिकवलेले पाय उचलायचे व्यायाम, एवढ्यावर चाललं होतं. वरच्या मजल्यावर काका कुशीवर वळले की मला खाली कळायचं. पलंग आधी वाजायचा, मग काका. मी एकदा म्हटलं, "मॅडमना सांगा, काहीतरी दुसरं देतील." ते म्हणाले, "दिलं तर घेईन. पण आता एकच साहेब."

आणि अपमानाबद्दल काकांचा अंदाज? तो शंभर टक्के खरा निघाला, हे मला कबूल करावं लागतं. डॉक्टर क्लारांनी हैफाला फोन केला होता, आणि तिच्या फोनची भाषा काय असणार ते मी वर लिहिलंच आहे. डॉक्टर सायमन दुखावले. रूथीच्या दिराच्या लग्नात, हैफाच्या हॉलमध्ये, मी स्वतः पाहिलं. सोनेरी काडीचा चष्मा टेबलाटेबलावर थांबून सगळ्यांची विचारपूस करत आला, आमच्या टेबलाशी माझ्या मिस्टरांना "काय राव, बरे ना?" म्हणाला, आणि काकांवरून नजर अशी फिरवली जशी रिकाम्या खुर्चीवरून फिरवतात. एवढा शिकलेला माणूस. म्हातारा आपल्याशिवाय दुसऱ्या डॉक्टरचीही गोळी घेत होता, याचंच दुःख.

काका मात्र त्याला बघून उठून उभे राहिले होते. टेबलाच्या कडेला धरून, दात आवळून. तो पुन्हा जवळून गेला, पुन्हा उठले. तिसऱ्यांदा मी कोट ओढून बसवलं.

"बघितलंत मिसेस पेझारकर?" ते घाम पुसत म्हणाले. "मी सांगत होतो." आवाजात दुःख कमी आणि समाधान जास्त होतं. मग रुमाल खिशात ठेवत म्हणाले, "तरी बरं झालं सांगितलं."

त्यांच्या तोंडून आपल्या एखाद्या कृत्याबद्दल चांगला शब्द मी एवढाच ऐकला.

पुढे माझ्या मिस्टरांना एलातच्या बंदरात काम मिळालं आणि आम्ही पेताह तिक्वा सोडलं. सामान हलवायला ट्रक आला तो भर दुपारी. फ्रिज चढवायचा होता. दोन हमाल, एक ड्रायव्हर, माझे मिस्टर, आणि तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत टाय लावलेले काका. वरून सूचना सुरू होत्या. दोरी डावीकडून घ्या, गाठ खाली मारा, फ्रिज आडवा करा. हिब्रू पुरेना तेव्हा मुंबईची हिंदी. हमालांना दोन्ही कळत नव्हत्या, ते एक बरं होतं. काकांनी सांगितलं तसा फ्रिज बांधला असता तर तो अश्दोदच्या रस्त्यावरच उतरला असता.

ट्रक सुरू झाला. मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, "काका, येते!" म्हटलं. ते दोन्ही हातांनी बाल्कनीचा कठडा धरून उभे होते. बोटं पांढरी झालेली खालूनही दिसत होती. उजवा हात किंचित उचलला गेला, कमरेने मध्येच अडवला असावा, कारण तो लगेच परत कठड्यावर गेला. मग त्यांनी नुसती मान लववली आणि ट्रक वळेपर्यंत उभे राहिले. त्यांच्यामागे त्यांच्या घराचं बाल्कनीकडचं दार दिसत होतं. बंद.